पट्टी कुणी सैल केली?

आधीच सांगतो, मी अमावास्येला शोरूममधून बाईक उचललेला माणूस आहे. भूत, बाधा, उतारा... असलं सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. तरी या ग्रुपवर हे लिहितोय. माझं नाव मात्र देत नाही.

आमचं गाव निंबर्गा, कर्नाटकात, आळंदजवळ. धाकटी बहीण नंदा आठ वर्षांची असताना जिन्यावरून पडली, उजवा हात मनगटाच्या वर मोडला. अप्पांनी तिला शेजारच्या गावात हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली. पोर दोन दिवस रडत होती, "आवळायलंय, सोडा की!" तिसऱ्या दिवशी बोटं काळीनिळी पडली. दवाखान्यात पट्टी कापली, पण आतले स्नायू रक्ताविना मेलेले. पुढे मनगट वाकलं आणि बोटं तळव्यात मिटली ती मिटलीच. स्थळं यायची, हात बघून जायची. "पोरगी चांगली आहे हो, पण..." हा 'पण' आम्ही कितीतरी वर्षं ऐकला.

अप्पांनी त्या म्हाताऱ्याला त्याच्याच दारात, चारचौघांत शिव्या घातल्या. मी सोबत होतो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानंतर त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. त्याला वारूनही आता बारा-तेरा वर्षं झाली.

गेल्या वर्षी गुलबर्ग्याच्या एका खासगी दवाखान्यात नंदाचं ऑपरेशन झालं. आखडलेले स्नायू सोडवून खाली सरकवायचे, म्हणजे पकड थोडी तरी येईल, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी खाली चहाला गेलो. तिचा डावा हात सलाईनला बांधलेला. वर आलो तर उजव्या हाताची पट्टी उलगडून सैल बांधलेली!

"कुणी सोडलं गं?"

"म्हातारा आलता एक, डोस्क्याला रुमाल बांधलेला. नखं दाबून बघितला, आवळायलंय का म्हणला. मी व्हय म्हणले, तर सोडला बघ. लई बरं वाटायलंय अण्णा."

नर्स म्हणाली, आमच्यातलं कुणी नाही. डॉक्टर चिडूनच आले, पण त्यांनी आधी बोटं तपासली. आत सूज वाढली होती म्हणे. अजून दोन-तीन तास पट्टी तशीच राहिली असती तर हात पुन्हा गेला असता. कॅमेरा बघितला. जाताना मी, येताना मी... मध्ये कुणीच नाही.

इथपर्यंतही मी मनाची समजूत घातली असती. पण नंदा पुढे बोलली.

"आन जाताना कानडीत म्हणला, नाळे म्हणलो होतो, नाळिद्दु कुणी केलं?"

कानडी न येणाऱ्यांसाठी सांगतो — नाळे म्हणजे उद्या, नाळिद्दु म्हणजे परवा.

लहानपणी नंदाचा हात मोडला त्या दिवशीही मी सोबत होतो. पट्टी बांधून झाली, अप्पा नंदाला उचलून पुढे गेले, तेव्हा म्हाताऱ्यानं मला एकट्याला मागे थांबवलं. नाळे घेऊन ये, सूज बघून पट्टी सैल करावी लागेल, असं बजावलं. मी अठरा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी आळंदला आमची क्रिकेटची फायनल, आणि तिला बाईकवर न्यायचं काम माझंच! घरी येऊन सांगितलं, "नाळिद्दु बोलावलाय." आईनं दोनदा विचारलं, "नीट ऐकलास न्हवं?" मी व्हय म्हणालो. फायनल आम्ही हरलो. मी शून्यावर गेलो.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. अप्पा शिव्या घालत होते तेव्हा म्हाताऱ्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि तोही बोलला नाही. त्यानं मला वाचवलं, मी त्याची भाकरी जाताना बघत बसलो. स्वतःची किळस येते.

"कुणी केलं असंल रे अण्णा?" नंदानं विचारलं.

"गुंगीत कायबी ऐकू येतंय. झोप तू," मी म्हणालो. म्हणजे पुन्हा खोटंच बोललो.

पट्टी कुणी सोडली, मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर सांगा, फक्त गुंगीचं कारण देऊ नका. ते मीच देऊन बसलोय.

नंदाच्या हाताला आता थोडी पकड आलीय. अंगठा आणि दोन बोटांत फोन धरता येतो. दुपारची कामं आटोपली की याच ग्रुपवरचे अनुभव वाचत बसते.