हनुवटी जरा खाली

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्याच्या डोक्यावर आमचा स्टुडिओ होता. तिथून रोज सकाळी एक ‘प्रसन्न’ कार्यक्रम लाइव्ह जायचा. प्रसन्न म्हणे! पडद्यावर तुळशीची कुंडी, निवेदिकेची पैठणी आणि तिचं हसू. मागे आम्ही एकमेकांवर खेकसत असायचो. मी लेखिका. निवेदिका जे ‘मनापासून’ बोलायची, ते मी आदल्या संध्याकाळी जेसल पार्कच्या घरी आईची बडबड ऐकत लिहिलेलं असायचं.

पाहुणे नेहमी आयत्या वेळी यायचे. म्हणून त्यांच्या खुर्चीत आधी कोणालातरी बसवून लायटिंग करून घ्यायची पद्धत होती. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझी उंची बेताची, रंग बेताचा, आणि प्रोड्युसर मॅडमच्या मते त्या वेळी मी रिकामीच असायचे. कॅमेरामन जवळच्याच मुर्धा गावचा होता. वर्षभर तो रोज कॅमेऱ्यातून माझ्या चेहऱ्याकडे बघायचा आणि एकच वाक्य बोलायचा, “हनुवटी जरा खाली.” माझ्या चष्म्यावर लाइट चमकायचा म्हणून. बाकी साधं गुड मॉर्निंगसुद्धा नाही. आणि असला माणूस मला आवडायला लागला होता. त्याचाही मला रागच यायचा.

एक दिवस जोडप्यांच्या गप्पांसाठी बोलावलेले नवरा-बायको खाली गेटवरच कडाकडा भांडले आणि दोन वेगळ्या रिक्षांनी परत गेले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तुम दोनों बैठो. आपल्याच टीममधली जोडी म्हणून सांगू.”

मी साफ नाही म्हटलं. “लाइव्ह आहे,” त्या म्हणाल्या, आणि आमच्या धंद्यात त्यावर कोणाचं काही चालत नाही.

संवाद माझेच होते. त्या जोडप्याने फोनवर धड काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे नवऱ्याच्या तोंडची वाक्यं मी स्वतःला काय ऐकायला आवडेल त्यावरून रचली होती. कॅमेरामनने तो कागद दोनदा वाचला, कॅमेऱ्यावर असिस्टंटला उभं केलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

“ही दिसली नाही तर माझा दिवस सुरू होत नाही,” तो म्हणाला. “लग्न करीन तर हिच्याशीच, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं.” शब्दन् शब्द माझा. निवेदिकेने डोळे टिपले. मलाही भरून आलं, आणि तेवढ्यात हा माझ्याकडे वळून, लाइव्ह चालू असताना, म्हणतो, “हनुवटी जरा खाली.”

सगळा फ्लोअर हसला. ती तुळशीची कुंडी उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं.

दुपारपर्यंत ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होती. लिफ्टमध्ये शेजारच्या गुजराती आंटी म्हणाल्या, “छुपा के रखा था? लड़का अच्छा है, बस बोलता बहोत है.” आई दारातच उभी होती.

“हे मला टीव्हीवरून कळायचं का?”

“ते नाटक होतं, आई.”

“तुझं की त्याचं?”

माझं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्याचं होतं की नव्हतं तेच कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. त्यात मॅडमचा फोन आला. पुढच्या आठवड्यात कार्यक्रमातच साखरपुडा करू, प्रेक्षक खूश आहेत, साडी चॅनेल देईल. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीकडे फिरकलेच नाही.

“बसतेस ना?” त्याने विचारलं.

“दुसरं कोणी बघ.”

“झालं काय?”

“माझीच वाक्यं माझ्या तोंडावर मारलीस. अख्खं भाईंदर माझं अभिनंदन करतंय. त्यात तुझं एक तरी होतं का?”

तो केबलवरची चिकटपट्टी नखाने खरवडत राहिला. “साखरपुड्याला मी मॅडमना ‘नाही’ म्हणून सांगितलंय. कॅमेऱ्यासमोर नाही करणार म्हटलं.”

“मी ते विचारलं नाही.”

“कागदावरचं सगळं तुझं होतं,” तो म्हणाला. “मला तसलं बोलाया जमत न्हाय.” स्टुडिओत त्याच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. “माझं एकच होतं. हनुवटी खाली. तेवढं तू लिहिलं नव्हतंस. सगळे तुला बघत होते आणि तुझे डोळेच दिसत नव्हते. चष्म्यात नुसता लाइट.”

“याला मागणी घालणं म्हणत नाहीत,” मी म्हटलं.

माझा राग गेला नव्हता. मी तरातरा जाऊन खुर्चीत बसले आणि हनुवटी मुद्दाम वर ठेवली. तो कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिला. खाली घे म्हणाला नाही. शिडी ओढून आणली, वर चढला आणि लाइटच वर सरकवला.