लेकीच्या घरचं पाणी

पिंगळीचे दिनकरराव परभणीच्या शाळेत मास्तर होते. शाळेत शिकवायचं उर्दूतून आणि घरी येऊन लिहायचं मराठीतून. सदतीस साली त्यांनी एक नाटक लिहिलं. निजामी राज्यात नाटक करायला परवानगी लागे, म्हणून अख्ख्या नाटकाचा उर्दू तर्जुमा करून त्यांनी कचेरीत दिला. अडीच महिन्यांनी बोलावणं आलं.

"मास्तर, तिसऱ्या अंकात राजा मरतो कशाला?" साहेबांनी विचारलं.

"गोष्टच तशी आहे, साहेब."

"मारू नका. बीमार पाडा. बीमार पडायला आमची हरकत नाही."

दिनकररावांनी वही उचलली आणि चार महिन्यांत येतो असं घरी सांगून ते पुण्याला गेले. तिथल्या एका साप्ताहिकात त्यांनी हा किस्सा स्वतःच्या नावानं छापला. आठ दिवसांत पिंगळीच्या घरी पोलीस येऊन गेले आणि परतायची वाट बंद झाली. चार महिन्यांची अकरा वर्षं झाली.

पुण्यात त्यांनी चार कादंबऱ्या आणि तीन नाटकं लिहिली. सगळी पिंगळीवर. त्यांच्या पुस्तकांतल्या बायका खऱ्या बोलतात, असं लोक म्हणत. त्या खऱ्या बोलत, कारण त्यांची बायको नर्मदाबाई पत्रं लिहायची. अक्षरं त्यांनीच शिकवलेली. सासू कशावरून रुसली, शेजारच्या पार्वतीबाईनं विहिरीवर काय टोमणा मारला, धाकटी कमल काय बोलली, सगळं ऐकलं तसं ती लिहायची. पत्र आलं की दिनकरराव तांबड्या शाईनं खुणा करत बसत. त्या खुणांचं पुढं काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांची पुस्तकं पिंगळीत पोचत नव्हती.

कमल तेरा वर्षांची झाली तेव्हा परभणीचं एक चांगलं स्थळ बघायला आलं. मुलाच्या आईनं तिला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, शेवटी तोंड उघडायला लावून दात बघितले. दर प्रश्नाआधी बाई कमरेची डबी काढून तपकीर ओढायची. पसंती सांगून मंडळी गेली. मग कमलनं चुलीपुढं बाईची नक्कल केली. चिमूटभर राख नाकाशी नेऊन म्हणाली, "दात बत्तीस हायत, पण दोन जरा आगाऊ हायत. जीभ बघू गं?" नर्मदाबाईला हसू आवरेना. तिनं ते सगळं पत्रात लिहिलं.

दुसऱ्या वर्षी ते पुण्याच्या रंगमंचावर आलं. तपकिरीची डबी, सुई, दात, राख, सगळं. नाटक सोलापूरला गेलं. मुलाचा काका तिथं गिरणीत होता. त्यानं आपली वहिनी डबीवरून ओळखली.

स्थळ मोडलं. "घरी आलेल्याची टिंगल करणारी पोर" असं परभणीपासून पूर्णेपर्यंत झालं. पंधराव्या वर्षी कमलला चुडाव्याच्या भुजंगरावांना दिली. बिजवर, सोळा वर्षांनी मोठे, स्वभावानं बरे. नर्मदाबाईनं नवऱ्याला एवढंच कळवलं, "कमलचे लग्न झाले. चुडाव्यास दिली."

पुढची पत्रं तशीच. "सर्व खुशाल. पाऊस बरा. म्हैस गाभण आहे." दिनकरराव उलट टपाली विचारत, कोण काय म्हणालं ते लिही ना. उत्तर यायचं, "कोणी काही म्हटले नाही." चौथ्या कादंबरीतल्या बायका वर्तमानपत्रासारख्या बोलतात, असं एकानं छापलं. पाचवी झालीच नाही.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. दसरा झाल्यावर दिनकरराव घरी आले. त्यांची आई मागंच वारलेली. ते ओट्यावर आले की बायका निवडायचं सूप घेऊन आत जात. चार दिवस झाले तरी घरात कुणी पुरतं वाक्य बोलेना. मग त्यांनी नर्मदाबाईलाच विचारलं आणि तिनं तपकिरीच्या डबीचं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, पीठ मळत.

"मला लिहिलं का नाहीस?"

"लिवलं असतं तर त्याचा चौथा अंक केला असता तुमी."

ते दुसऱ्या दिवशी चुडाव्याला निघाले. लेकीची माफी मागायची होती. निघताना नर्मदाबाई म्हणाली, "तिला काय इचारू नका. ती सांगंल तेवढंच ऐका."

गाडी पूर्णेला लय वेळ थांबली. चुडाव्याच्या स्टेशनावरून उन्हात चालत ते घरी पोचले तेव्हा घशाला कोरड पडली होती. जावई शेतातून आले, पाया पडले. "या मामा, बसा. आमच्या घरात काय नाटकाजोगं न्हाई बरं का," असं हसून म्हणाले आणि बैलं सोडायला गेले. कमलनं तांब्या-भांडं आणून पुढं ठेवलं. अठरा वर्षांची, पण उभी राहिली ती थकल्या बाईसारखी.

दिनकररावांनी भांडं बाजूला सारलं. "नको बाई. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. एवढा तरी रिवाज पाळू दे."

कमलनं पदरानं भांड्याचा काठ पुसला.

"प्या, दादा. झालंय मला."

"काय?"

"मुलगी झालती. गेल्या साली, तुमच्याच घरात. सत्तावीस दिवस जगली."

"आणि मला कुणी..."

"मीच आईला शपथ घातली, दादांना कळवू नको म्हणून." तिनं भांडं पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं. "लेकरू जगलंच पाहिजे असं काय रिवाजात न्हाई. प्या. उन्हाचं आलात."

ते पाणी प्यायले. माफीचं वाक्य गाडीत दोनदा जुळवलं होतं. ते तोंडाशी आलं नाही. भांडं खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं होतं?"

कमलनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या पेनकडं पाहिलं.

"ठेवलतं एक," ती म्हणाली. "तुमी हातपाय धुवा. भाकरी टाकते."