तपासनीस – एक

फायलींना दोरा नीट बांधत नाही म्हणून जिला मी एके काळी भर ऑफिसात झापलं होतं, तीच बाई आता दहा दिवस मला शिकवणार, असा हुकूम आला आणि माझं डोकंच सणकलं. एकतीस वर्षं मी बँका तपासत होतो. मी दारात दिसलो की मॅनेजरच्या हातातला चहा गार व्हायचा. आता म्हणे पैसे कागदावरून जात नाहीत, कॉम्प्युटरमधून जातात, तर त्यातले धोके ओळखायला शिका. हुकुमाच्या शेवटच्या ओळीत खरी मेख होती. जो पास होणार नाही त्याला यापुढे बाहेरची तपासणी नाही, म्हणजे सरळ रेकॉर्ड रूम. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ती काय गठ्ठ्यांवरची धूळ खात काढायची?

तिला ऑफिसात सगळे किल्लीवाली म्हणायचे. तिचे वडील कुलुपं दुरुस्त करायचे, बाजाराच्या कोपऱ्यावर, टेबलाएवढ्या दुकानात. ही टायपिस्ट म्हणून लागली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, एकेक परीक्षा देत, माझ्या नाकासमोरून वर गेली. बुटकी, चष्मा कायम कपाळावर, आवाज मात्र खणखणीत. टोपणनावाचा तिला राग नव्हता. पहिल्याच तासाला तिने वडिलांची गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक नवं कुलूप मागायला आलं की ते आधी विचारायचे, घराच्या किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे? सांगता आलं नाही तर म्हणायचे, घरी जा, मोजून ये, मग कुलूप देतो. मी मागच्या बाकावर मोठ्याने जांभई दिली.

वर्गात तिने एक खोटी बँक मांडली होती. दोन कॉम्प्युटर, ड्रॉवरचं एक टेबल आणि खिडकीत चहाची किटली. एकाने पेमेंट लिहायचं, दुसऱ्याने आपलं कार्ड लावून ते मंजूर करायचं, तेव्हाच पैसे बाहेर जाणार. मी लगेच उभा राहिलो. म्हटलं, हा दोन माणसांचा नियम प्रत्येक बँकेच्या नियमावलीत असतो, मी वर्षानुवर्षं त्यावर बरोबरची खूण करत आलोय, यात शिकायचं ते काय? ती चिडली नाही, त्याचाच मला जास्त राग आला. नियमावली मिटा, म्हणाली, आणि तासभर इथे उभे राहा, अक्षर बोलायचं नाही.

ऑफिसातलेच दोन कारकून बँकवाले झाले होते. वीस मिनिटांनी मंजुरी देणारा चहा ओतून घ्यायला उठला आणि जाताना कार्ड शेजाऱ्यापुढे सरकवून म्हणाला, जरा बघ रे. शेजाऱ्याने स्वतःच लिहिलं आणि स्वतःच मंजूर केलं. चोरी कोणालाच करायची नव्हती, दोघांना फक्त वेळेवर घरी जायचं होतं. आणि मी? मॅनेजरच्या समोरच्या खुर्चीतून न उठता मी अशा किती खोल्या पास केल्या होत्या! माझे कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसलो. जांभई बंद.

रोजचा धडा ती आधी घरी सासूबाईंना सांगते, हे आम्हाला तिनेच सांगितलं. सासूबाईंनी शाळेची पायरी चढलेली नाही, पण डब्यातली साखर चमचाभर हलली तरी त्यांना कळते. एकदा सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ते दोघे आतून मिळालेले असले तर गं? त्या एका प्रश्नापायी हिला पूर्ण दिवसाचा धडा नव्याने लिहावा लागला. आमच्यातला एक तरणा तपासनीस इंग्रजी शब्दांची माळ ओवायला लागला की ती म्हणायची, हे सासूबाईंना कळेल असं सांगा. बिचाऱ्याची बोबडी वळायची. मला मात्र जमायला लागलं. एकतीस वर्षं माणसांचे चेहरे वाचले होते, आता माणूस खुर्चीतून उठला की त्याच्यामागे काय उघडं राहतं ते बघायला लागलो. सहाव्या दिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, की यांची नजर घारीसारखी आहे. खोटं कशाला बोलू, घरी जाऊन मी ते बायकोला दोनदा सांगितलं.

दहाव्या दिवशी परीक्षा झाली. एका खऱ्या बँकेची यादी तिने नाव झाकून आम्हाला दिली. पेमेंटच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची परवानगी असलेले बेचाळीस लॉगिन आणि कोणाला काय करता येतं त्याचे तक्ते. एकट्या माणसाच्या हातून पैसे बाहेर जाऊ शकतील अशा जागा शोधायच्या. एकूण चार आहेत, तीन सापडल्या की पास. मी दोन तासांत तीन काढल्या. एक माणूस निवृत्त झाला होता तरी त्याचं लॉगिन चालू, एक बाई रजेवर असताना तिच्या नावाने मंजुऱ्या, आणि दोन माणसं रोज एकाच कॉम्प्युटरवरून, एकाच मिनिटात. ताठ मानेने कागद तिच्या टेबलावर ठेवला.

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पास आहात, म्हणाली. मग यादीतल्या अडतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'तपासनीस – एक'.

"हे का नाही पाहिलंत?"

"अहो, ते आपलं आहे."

"आपलं म्हणजे कोणाचं?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! मी तक्ता उलटला. त्या लॉगिनने पेमेंट लिहिताही येत होतं आणि मंजूरही करता येत होतं. तपासणीसाठी सहा वर्षांपूर्वी उघडलेलं, नंतर कोणी बंदच केलेलं नाही. गेल्याच महिन्यात ते तिच्या हाती लागलं होतं. तिने त्याच दिवशी बंद करायला लावलं. सुदैवाने त्यातून काही गेलेलं नव्हतं. तिच्या अहवालात फक्त एक रकाना कोरा होता, हे मागितलं कोणी? बँकेकडे तसा कागदच नव्हता. तोंडी सांगितलं असणार, ती म्हणाली, आणि पुढच्याचा कागद घेतला.

तारीख मात्र मी वाचली होती. त्या महिन्यात आम्ही पाचजण एकाच बँकेत होतो, आणि तिच्या कॉम्प्युटरच्या खोलीत उभं राहून, "मला सगळं दिसलं पाहिजे, सगळं," असं कोण गरजलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. तिथल्या कॉम्प्युटरवाल्या पोराने घाबरून सगळ्याच परवानग्या देऊन टाकल्या असतील. मी काम संपवलं आणि लॉगिन तसंच उघडं ठेवून निघून आलो.

जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला, पास झालात का? झालो म्हटलं. तिला इतका आनंद झाला की मला पुढे बोलवेना. डबा उघडला आणि तसाच मिटला. गप्प बसलो असतो तर जगात कोणाला कळलं नसतं. पण उद्या मी कुठल्या तोंडाने एखाद्या कारकुनाला विचारणार होतो, की कार्ड कोणाकडे ठेवून गेलास?

वर्गात ती एकटीच किटली विसळत होती. मी दारातूनच सांगितलं.

"तपासनीस एक, तो मी."

तिने हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मला वाटलं, आता फायलींच्या दोऱ्याचा हिशोब चुकता होणार. तिने अहवाल काढला, माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. रकाना मीच भरला. ती म्हणाली, की तुम्ही पास आहात ते पासच, पण हे वर जाणार, आणि मी तुमच्यासाठी एक शब्दही बदलणार नाही. मी म्हटलं, बदलू नका.

वर्षभर माझी बाहेरची तपासणी बंद झाली. रेकॉर्ड रूममध्ये मात्र गेलो नाही, कारण तिने मला वर्गासाठी मागून घेतलं. प्रत्येक नव्या तुकडीसमोर पहिल्या दिवशी मी उभा राहायचो आणि माझीच गोष्ट सांगायचो. पहिल्यांदा कागदावर लिहून नेली आणि वाचून दाखवली. पाचव्या तुकडीपर्यंत रंगवून सांगायला लागलो. वर्ष संपलं, पुन्हा बँका मिळाल्या, तरी पहिला तास मी सोडला नाही. बँकेतून निघताना आपलं लॉगिन आपल्या डोळ्यांदेखत बंद करून घ्यायचं आणि तसा कागद खिशात टाकूनच पायरी उतरायची, हा रिवाज आमच्या ऑफिसात तिथून पडला.

मी निवृत्त झालो त्या दिवशी मोठ्या खोलीत सगळे जमले होते. फुलं होती, भाषणं व्हायची होती, बायको नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. किल्लीवाली उशिरा आली, हातात कात्री घेऊन. सगळ्यांना थांबवून तिने माझं ओळखपत्र मागितलं. माझ्यासमोर माझं लॉगिन बंद केलं, कार्डाचे दोन तुकडे केले आणि पावतीवर वेळ टाकून सही केली.

बायको कुजबुजली, अहो, आजच्या दिवशी तरी? मी पावती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. मग किल्लीवालीला म्हटलं, "बाई, आता होऊ द्या भाषणं."