छावणीचं रक्त

माझी धाकटी बहीण घाऱ्या डोळ्यांची. हिंगोलीला आमच्या वस्तीत कुणी पाहुणा आला, की तो आधी तिला मांडीवर घ्यायचा, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायचा आणि म्हणायचा, "काय डोळे हायेत पोरीचे." मी शेजारीच उभी असायचे. माझे डोळे काळे, रंग बाच्या वळणावर गेलेला. पाहुण्याला पाणी आणायचं काम माझं.

हे घारेपण कुठून आलं ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. हिंगोलीला पूर्वी इंग्रजांची छावणी होती. राज्य निजामाचं, पण पलटणीवरचे साहेब गोरे. मायची आजी एका साहेबाच्या बंगल्यावर लेकरं सांभाळायला होती. तिला जी मुलगी झाली, म्हणजे मायची आई, ती घारी आणि गोरी निघाली. यापुढचं माय कधी सांगायची नाही. नळावर भांडण लागलं की बायकाच सांगायच्या.

बाचे आजोबाही छावणीतलेच. साहेबांच्या घोड्यांचे मोतद्दार होते ते, खरारा करणं आणि चंदी घालणं हे त्यांचं काम. ही सगळी पलटणीमागून चालत आलेली माणसं. कुणी पुण्याकडचं, कुणी नगरकडचं, कुणी वऱ्हाडातलं. छावणी उठली, साहेब गेले, ही माणसं मात्र तिथंच राहिली. आसपासच्या खेड्यांतले आमचेच लोक त्यांना पोरी देत नसत. "यांना ना गाव ना वतन," म्हणायचे. मग छावणीतल्या घरांनी छावणीतल्याच घरांशी सोयरिकी केल्या, त्यांच्या पोरांनीही तेच केलं. माय आणि बा लांबून एकमेकांच्या नात्यातलेच. पुढं आम्ही बौद्ध झालो, घरातल्या तसबिरी बदलल्या, पण सोयरिकीची वाट बरीच वर्षं तीच राहिली.

मला सातवीनंतर शाळेतून काढलं आणि वसमतला दिलं. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. बहीण मात्र मॅट्रिकपर्यंत शिकली. "तिला चांगलं ठिकाण मिळंल," असं माय म्हणायची. माझ्यासाठी असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

माझी पहिली मुलगी धडधाकट झाली. दुसरा मुलगा. बाळंतपणाला हिंगोलीला गेले होते. सुईणीनं न्हाऊ घालून हातात दिला तेव्हा चांगला दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा आला, मग अंगभर पसरला. तो दूध ओढेना. गेला. तिसरं बाळ बहात्तरच्या दुष्काळात झालं, वसमतला, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन. तीही मुलगीच होती. ती तर दिवस मावळायच्या आत पिवळी पडली.

सासू म्हणाली, "पोटुशी असून हळद शिजवायला गेली तू. ती वाफ लेकराला लागली."

वसमतला हळदीच्या दिवसांत शेताशेतांत कढया चढतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका पोट घेऊन त्या कामाला जायच्या आणि त्यांची लेकरं काही पिवळी पडत नव्हती. हे मला कळत होतं. पण सासूला तसं सांगायला जीभ उचलत नव्हती, कारण मलाही अधूनमधून तसंच वाटायचं. कामावरून आल्यावर मी हात घासघासून धुवायचे.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी माझ्या दिराला एस.टी. डेपोत कारकुनाची नोकरी लागली आणि सासूनं त्याच्यासाठी माझ्याच बहिणीला मागणी घातली. माझ्या लग्नाच्या वेळीच तिनं पोरगी पाहिलेली होती. "एवढी देखणी पोरगी दुसरीकडं काहून जाऊ द्यायची," म्हणाली. बहीण माझी जाऊ होऊन त्याच घरात आली. मला तिची सोबत मिळाली म्हणून सगळ्यांनी माझंच अभिनंदन केलं. मीही हसले. तिला पहाटे उठवू नको, दमली असेल, असं सासूनं मला सांगितलं तेव्हा मात्र मी चुलीत फुंकणी जरा जोरातच घातली.

वर्षभरात तिला दिवस गेले. घरात तिच्यासाठी साजूक तूप आलं. हळद शिजत असली की त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची, असा सासूचा हुकूम झाला. आणि एक दिवस माय हिंगोलीहून एस.टी.नं आली. टोपलं खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "थोरलीचं झालं तसं धाकटीचं व्हऊ द्यायचं न्हाई. हिला नांदेडच्या दवाखान्यात दाखवा."

सासू लगेच हो म्हणाली. मी पीठ मळत होते. मी विचारलं, "माय, मला काहून न्हाई नेलं तवा?"

"तवा कुणाला ठाव होतं, बाई," माय म्हणाली.

खरंच होतं ते. पण माझी दोन लेकरं गेली म्हणून तिचं एक लेकरू जपायचं सगळ्यांना सुचलं, हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

नांदेडला तिच्यासोबत मलाच पाठवलं, पिशवी धरायला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उंच, जरा रागीट चेहऱ्याच्या, पण बोलायला सावकाश. त्यांनी बहिणीचं रक्त घेतलं आणि आठवड्यानं परत बोलावलं. परत गेलो तेव्हा त्या तिच्याशी बोलता बोलता माझ्याकडं वळल्या.

"पिवळी पडून गेलेली बाळं तुमची का?"

"व्हय."

"दोन्ही वेळेला सांगा. कधी पिवळी झाली, अंगावर सूज होती का, रडत होती का."

माझ्या लेकरांविषयी इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. सांगून झाल्यावर त्यांनी माझंही रक्त घेतलं. दोघींचा गट एकच निघाला, ओ निगेटिव्ह. दोघींच्या नवऱ्यांनाही बोलावून तपासलं, ते पॉझिटिव्ह.

डॉक्टरीणबाईंनी समजेल असं सांगितलं. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं बापाच्या वळणावर पॉझिटिव्ह असलं, तर पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याशी लढायला शिकतं. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं असतं, त्याला काही होत नाही. पुढच्या बाळांवर मात्र ते शरीर तुटून पडतं. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन दिलं, की शरीर लढायला शिकतच नाही.

"मग मला बी द्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "तुमच्या शरीरानं ते शिकून घेतलंय. आता उपयोग नाही. आणि तुमच्या पहिल्या मुलीच्या वेळी हे औषध आपल्याकडं आलंही नव्हतं."

"हळदीच्या वाफेनं न्हाई झालं?"

"हळदीचा काही संबंध नाही."

बहीण माझा हात धरू पाहत होती. मी पिशवीचे बंद नीट करत राहिले. मग मनात होतं ते विचारून टाकलं. "बाई, हे रक्त गोऱ्या साहेबाकडून आलं का?" आणि घारी आजी, बंगला, सगळं त्यांना सांगितलं. विचारताना मला थोडा आनंदही होत होता, हे आज आठवतं. डोळे आणि रंग हिला मिळाले होते. पण त्या घराण्यातलं काहीतरी मलाही मिळालं होतं, इतकी वर्षं कुणाला न दिसता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोऱ्या लोकांत हा गट जास्त सापडतो, आपल्याकडं कमी. पण आपल्याकडं नसतोच असं नाही. त्यामुळं एका घरावरून काही ठरवता येत नाही. आणि नुसतं आईकडून येऊन भागत नाही. आई आणि वडील, दोघांकडून यावं लागतं."

हे मी बाला सांगितलं. नळावरची भांडणं ऐकून बा नेहमी म्हणायचा, "आमच्या घराण्यात तसलं काई न्हाई." आता त्यानं बिडी जमिनीवर घासून विझवली. मग म्हणाला, "छावणीत कोण कुठून आलं अन् कोण कुणाचं, कुणी पाहून ठेवलंय." माय त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणत होती.

बहिणीला मुलगा झाला. पॉझिटिव्ह. इंजेक्शन दिरानं मुंबईहून आणलं होतं, बर्फ घातलेल्या थर्मासमधून, मनमाडला गाडी बदलून. अंगठ्याएवढी बाटली. नर्सनं ती टोचली आणि रिकामी बाटली कचऱ्यात टाकली. बहीण झोपल्या जागेवरून म्हणाली, "आक्का, तुझ्या लेकरांमुळं माझं पुढचं वाचलं."

तिनं मनापासून म्हटलं होतं. मी "व्हय" म्हणाले आणि बाळाची दुपटी धुवायला नळावर गेले. दुपटी फार मळलेली नव्हती तरी बराच वेळ धूत बसले. माझ्या पोरांच्या मरणाचासुद्धा हिलाच उपयोग झाला, असं मनात येत होतं, आणि ते बाळ इतकं गोड होतं की मला त्याचा राग येईना. राग येत नाही याचीच चीड येत होती.

त्या बाळंतपणात बहिणीचं रक्त फार गेलं होतं. त्यामुळं दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं, "हिच्या गटाचं रक्त आयत्या वेळी मिळणार नाही. नातेवाइकांना घेऊन या, तपासून ठेवू." मला वाटलं, आता तरी माझी गरज पडणार. मी सकाळीच न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून गेले.

हिंगोलीहून बा आपल्या माणसांना घेऊन आला होता. चुलते, आत्या, मामाची पोरं. दवाखान्याच्या ओट्यावर ओळीनं बसून सगळे आपापल्या बोटाकडं बघत होते. तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "एका वस्तीतले इतके जण निगेटिव्ह?" त्या म्हणाल्या. "तुमच्यात लग्नं आपसातच होतात का?"

बानं छावणीचं सगळं सांगितलं. त्या ओट्यावरच्या खांबाला टेकून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "मग मूळ रक्त गोऱ्याचं असो की काळ्याचं, छावणीनं हे केलं असं म्हणता येईल. ठिकठिकाणची थोडी घरं एका जागी आणून बसवली, बाहेर कुणी पोरी दिल्या नाहीत. जे रक्त विरळ असायचं, ते या घरांत दाट झालं असावं."

निगेटिव्ह निघालेल्यांत बाच्या चुलतभावाचा मुलगा होता, गवंडीकाम करणारा, कोळशासारखा काळा. त्याचाही गट ओ, म्हणून रक्त त्याचं घेतलं. माझं घेतलं नाही. गट जुळत होता, पण माझ्याच अंगात रक्त कमी होतं.

"आधी तुम्ही गूळ-शेंगदाणे खा," नर्स म्हणाली.

मी परत ओट्यावर येऊन बसले. गवंडी भाऊ दंडावर कापूस दाबून बाहेर आला, तर सगळे त्याच्याभोवती जमले, सासूनं त्याला दूध दिलं. देणारी होण्याचा मानसुद्धा माझ्या वाट्याला आला नाही.

शेजारी बाची चुलत बहीण बसली होती, आमची थोरली आत्या. आता खालच्या आवाजात म्हणाली, "माझी चार गेली. पहिला पोरगा सोडून. सगळी पिवळी होऊन."

मी तिच्याकडं बघितलं. मला हे माहीत नव्हतं. आमच्याकडं असल्या गोष्टी पुरल्या की पुरल्या.

"मला म्हणायचे, तुझ्या दुधात दोष हाय," ती म्हणाली. "तुझ्या मायच्या शेजारच्या काकूची बी तीन गेली. तिला नवऱ्यानं टाकली होती त्याच्यापायी. हे इंजिशन मुंबईहून येतं व्हय?"

"व्हय आत्या."

"मग वस्तीतल्या नव्या पोरींना कुणीतरी सांगाया पायजे का न्हाई?"

बहिणीला मुलगी झाली, चांगली, गुलाबी. गवंडी भावाचं रक्त बहिणीला चढवावं लागलं. घरी आल्यावर सासूनं एकदा, फक्त एकदा, कांदा चिरता चिरता मला म्हटलं, "वाफेचं मी उगंच बोलले." मी चिरलेला कांदा उचलून फोडणीत टाकला.

मला पुन्हा मूल झालं नाही. आम्ही होऊ दिलं नाही. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात बाळाचं सगळं रक्त बदलतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पण तिथवर पोचायच्या भरवशावर तिसऱ्यांदा तसं बघायची माझी तयारी नव्हती. नवऱ्यानंही आग्रह केला नाही.

आत्याचं बोलणं मात्र मनात राहिलं. तोवर मी बालवाडीवर लागले होते. सुट्टीच्या दिवशी हिंगोलीला जायचे, आत्याला सोबत घेऊन घरोघर फिरायचे. नवी सून असली की तिच्या सासूला समजावायचं, नांदेडला नेऊन रक्त बघा म्हणायचं. काही दारं लावून घ्यायचे. काही जणी ऐकायच्या. ज्या ऐकायच्या त्यांच्यासोबत बहुतेक वेळा मीच जायचे.

पहिली जी पोरगी मी नेली ती अठरा-एकोणीस वर्षांची होती, बसमध्ये उलट्या करून बेजार झालेली. तिचा कागद आला तेव्हा तिनं मला विचारलं, "मामी, काय लिवलंय?"

"पॉझिटिव्ह," मी म्हणाले. "तुला काहीच करायचं न्हाई. जा घरी."

ती हसली, पदर खोचला आणि खाली गाड्यावर केळी घ्यायला धावतच गेली. मी वर जिन्यात उभी राहून तिला बघत होते, आणि मला तिचाही हेवा वाटला.