चौथी गोटी कुठं गेली?

रेणुकादास बिलोलीकर यांना बंद वस्तू बघवत नसे. पाचवीत असताना बिलोलीच्या घरी त्यांनी वडिलांचं गजराचं घड्याळ उघडलं होतं. पुन्हा जोडलं तेव्हा एक चाक हातात उरलं. घड्याळ चालू लागलं खरं, पण पहाटेचा गजर भर दुपारी, सगळे जेवायला बसले की वाजायचा. वडील एवढंच म्हणाले, "उघडायला अक्कल लागत नाही बाबा, मिटवायला लागते."

मिटवायची अक्कल त्यांना नांदेडच्या टेलिफोन एक्सचेंजात आली. तिथं मोठ्या हॉलमध्ये लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक कपाटात खटकेच खटके. कुणी घरी बसून नंबर फिरवला की इकडे खटक्यांची कटकट सुरू. एक खटका दुसऱ्याला उठवी, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी वजिराबादेतल्या एखाद्या दुकानात घंटा वाजे. प्रत्येक खटक्याला फक्त दोनच गोष्टी येत: बसणं आणि उठणं. तेवढ्यावर अख्खं नांदेड एकमेकांशी बोलत होतं!

मग नवं एक्सचेंज आलं. कपाटं छोटी झाली आणि हॉल मुका झाला. रेणुकादासांना चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी नव्या इंजिनिअरला विचारलं, "खटके कुठं गेले हो?"

"आतच आहेत काका. फक्त इतके बारीक झालेत की दिसत नाहीत. कॉम्प्युटर म्हणजे तरी काय? न दिसणारे खटकेच."

हे वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, पोरांना दिसतील असे खटके करायचे.

किती सागवानी फळ्या त्यांनी वाया घालवल्या, ते पत्नी उमादेवींनाच ठाऊक. "अहो, दिवाणखान्यात चालायला जागा ठेवा, पायात गोट्या येतात," असं त्या रोज म्हणत आणि रोज चहाही आणून देत. अखेर एक उभी पेटी तयार झाली. पुढून काच, आत पायऱ्यांसारखी बसवलेली लाकडाची झुलती पाती. वरच्या भोकातून गोटी टाकायची आणि गंमत बघायची.

ती गंमत अशी. प्रत्येक पातं म्हणजे एक खोली, आणि खोलीत जागा एकालाच. पहिली गोटी आली की पातं कलतं आणि तिला धरून ठेवतं. दुसरी आली की पातं उलटं कलतं. आधीची गोटी खाली ताटलीत पडते, खोली रिकामी होते आणि नवी गोटी पुढच्या खोलीत जाते. पहिल्या खोलीतली गोटी एकाच्या मोलाची, दुसऱ्या खोलीतली दोनाच्या, तिसऱ्यातली चाराच्या, चौथ्यातली आठाच्या. दर खोलीला मोल दुप्पट. शेवटी भरलेल्या खोल्यांची मोलं मिळवली की बेरीज तयार. वीज नको, बॅटरी नको. दोनच गोष्टी येणाऱ्या पात्यांनी हिशेब केला की!

ही पेटी कुठं न्यायची, तेही ठरलेलं होतं. मागच्या वर्षी ते दोघं इस्लापूरकडे सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेले होते. तिथं जवळच्या एका आश्रमशाळेत पाणी प्यायला थांबले, तर कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप. खिडकीतून बघितलं, तर झाकलेल्या कॉम्प्युटरांच्या गळ्यात झेंडूच्या वाळक्या माळा.

"आम्हाला खिडकीतूनच दाखवतेत," सातवीतली तनुजा म्हणाली. "हात लावला की जळतंय म्हणं."

मुख्याध्यापक शेषेराव सर ओशाळून हसले. "काय करू साहेब? मागं एक प्रोजेक्टर बंद पडला तर वरच्यांनी मला उभं-आडवं झापलं. म्हणून हे कॉम्प्युटर देवासारखे पुजले न् कुलूप लावलं."

"आणि मी असंच हिशेब करणारं मशीन आणलं, पोरांच्या हातात दिलं, आणि ते नीट चाललं तर?"

"तर चावी तुमच्या हाती. शब्द देतो."

म्हणून दसरा झाल्या झाल्या दोघं इस्लापूरला जायला किनवटच्या गाडीत बसले. पेटी उमादेवींच्या मांडीवर होती. बाळासारखी.

शाळेच्या पडवीत पोरं दाटीनं बसली. शेषेराव सर खुर्चीवर, चावी खिशात. रेणुकादासांनी खोल्यांची गोष्ट सांगितली आणि गोट्या तनुजाकडे दिल्या. एक टाकली, पहिली खोली भरली. दुसरी टाकली, दोनाची खोली भरली. तिसरी टाकली, दोन्ही भरल्या.

"एक न् दोन, तीन!" पोरं ओरडली.

"आता त्यात दोन मिळवा," रेणुकादास म्हणाले.

तनुजानं चौथी गोटी टाकली. ती खडखडत गेली ती थेट ताटलीत. सगळ्या खोल्या रिकाम्या. पाचवी टाकली, पहिल्या खोलीत जाऊन बसली.

"तीन न् दोन, एक!" मागून सत्यम ओरडला. "आजोबा, तुमचं मशीन नापास हाय!"

पडवी हसून हसून लोळली. सरही हसले, पण त्यांचा हात आपसूक खिशावर गेला. रेणुकादासांनी ते बघितलं. घरी शंभरदा बरोबर आलेलं गणित! पेटी घेऊन कोपऱ्यात जावं, पटकन उघडावं, नीट करून आणावं, असं वाटलं. हात पेचकसाकडे गेलाही. पण मग पोरांना काय कळेल? की मशीन बिघडलं की शहाण्या माणसानं ते लपून दुरुस्त करायचं असतं. आणि चावी खिशातच राहील.

ते पोरांमध्ये फतकल मारून बसले.

"बिघडलंय खरं. कुठं बिघडलं, ते तुम्ही शोधा."

"आम्ही?"

"मग काय मी? मी तर नापास झालोय."

"सगळंच खोला," सत्यम म्हणाला.

"गप रे यड्या," तनुजा म्हणाली. "सगळं कशाला? तीनपर्यंत बरोबर येऊन राहिलं की. म्हंजे पहिल्या दोन खोल्या बेस हायत." ती काचेला नाक लावून बसली. "चौथी गोटी तिसऱ्या खोलीत थांबायची होती. थांबली न्हाई. तिसरं पातंच कलंना."

रेणुकादासांनी पेचकस तिच्या हातात ठेवला. सर खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, हळू, हळू—" पण काच निघालीसुद्धा. तनुजानं केसांतली पिन काढली, तिसऱ्या पात्याखाली घातली आणि काहीतरी उचकटून तळहातावर घेतलं.

लाल तांदळाचा एक दाणा.

तेवढ्यात मागून उमादेवींचा आवाज आला, "अगंबाई! ही तर माझी अक्षता!"

खंडेनवमीला घरातल्या विळी, मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर अशा सगळ्यांची पूजा झाली होती. पेटीला कशी चुकवायची? वरच्या भोकापाशी त्यांनी मनोभावे कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. आणि पूजेला मांडलेली वस्तू दसरा होईपर्यंत हलवायची नाही, म्हणून रेणुकादासांनीही नंतर गोटी टाकून बघितली नव्हती.

"म्हणजे देवाला वाहिलेला दाणा चाराच्या खोलीत राहायला गेला," रेणुकादास म्हणाले.

"भाडं न देता!" सत्यम म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्यानं उमादेवीच हसल्या.

तनुजानं काच बसवली, गोट्या काढून पुन्हा पाच टाकल्या. चाराची खोली भरली, एकाची भरली. पाच!

पोरांचा गलबला ओसरल्यावर शेषेराव सर म्हणाले, "पण साहेब, मशीन बिघडलं तर खरंच."

"बिघडलं."

"न् पोरीनं नीटबी केलं." त्यांनी खिसा चाचपला. "आम्ही तर त्या कॉम्प्युटरवर मूठमूठ अक्षता टाकल्यात. नारळाचं पाणीबी उडालं असंल."

चावी कुलपात फिरताना कुरकुरली. वाळक्या माळा निघाल्या, कापडं निघाली. कीबोर्डावर हळदीचे डाग, बटणांच्या फटींत लाल तांदूळ. तनुजानं कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि पाठीवर हलकेच थाप मारली. टपटप दाणे पडले.

"अगं, हळू!" सर ओरडले. मग खाली वाकून दाणे बघितले. "अजून एकदा मार. त्या कोपऱ्यात राहिलेत."

उमादेवी ओलं फडकं पिळून आल्या होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आपण दोघंही नुसतं फूल वाहू. तेही झाकणावर."