हलवलेली बाटली

"ताई, हे घ्या पाहुन्याची बाटली," म्हणत शालिग्रामभाऊ वानखडेंनी पिशवीतून बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. आतली वाइन पुरातल्या पेढी नदीसारखी गढूळ झाली होती.

मी अमरावतीच्या एका हॉटेलात फूड अँड बेव्हरेज मॅनेजर आहे. म्हणजे खाण्यात किंवा पिण्यात काहीही बिघडलं की बोलणी मी खायची. त्या संध्याकाळी आमच्याकडे जवळच्या वलगावच्या वानखडेंचं फॅमिली डिनर होतं. त्यांची मुलगी अश्विनी शेतीचं शिकायला इटलीला गेली आणि तिथल्या एका द्राक्षमळेवाल्याच्या मुलाशी, मात्तेओशी, तिचं जुळलं. आता मात्तेओ आणि त्याचे वडील पिएत्रो पहिल्यांदाच वलगावच्या सोयऱ्यांना भेटायला येत होते. अश्विनी त्यांना आणायला नागपूर विमानतळावर गेली होती.

बाटली पिएत्रोंच्या मळ्यातलीच. टेकडीवर द्राक्षं, घराखाली तळघर, आणि त्यात दर हंगामातल्या थोड्या बाटल्या घरच्या कार्यासाठी राखून ठेवलेल्या. ही अश्विनीच्या जन्मवर्षाची रेड वाइन होती, त्या वर्षातली शेवटची बाटली. दोन्ही घरं एका टेबलावर बसतील तेव्हा ती उघडायची, असा निरोप देऊन त्यांनी ती आधीच अश्विनीबरोबर पाठवली होती.

इथे थोडं समजावून सांगते. रेड वाइन वर्षानुवर्षं बाटलीत राहिली की तिच्यातला रंग आणि तुरटपणा हळूहळू तळाशी बसतो. हा गाळ. तो विषारी नसतो, पण कडवट आणि खरखरीत लागतो. म्हणून अशी बाटली आधी उभी ठेवून स्थिर होऊ द्यायची, मग वरची निवळ वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात, अलगद ओतायची. गाळ मानेपाशी आला की थांबायचं. 'हलवू नका' हे मी भाऊंना फोनवर इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाच कंटाळा आला होता.

"भाऊ, गाडीत हिंदकळली का ही?"

"नाई जी. मांडीवर घेऊन आलो लेकरावानी."

मागे उभ्या असलेल्या रत्नाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पदर तोंडाला लावला. "मी हालवली. खाली गाळ दिसला न वो. मले वाटलं, द्राक्षासवावानी असन. आमी ते हालवूनच घेतो. दोनी द्राक्षाचंच त आहे! तुमी फोनवर काय सांगतलं, यायनं मले काई सांगतलंच नाई."

शालिग्रामभाऊंनी छताकडे बघितलं. खरं तर काकूंचं काय चुकलं? औषधाच्या बाटलीवर तसंच तर लिहिलेलं असतं.

"बसन का हे परत?" भाऊंनी विचारलं.

"बसेल, पण संध्याकाळपर्यंत नाही."

"गाळून पाह्यलं तर?"

"फडक्यात जाडं अडकेल, बारीक खाली येईल. शिवाय इतक्या जुन्या वाइनला जास्त हवा लागली तर तिची चव उतरते."

ते खुर्चीत बसले. "मले दारूचं काई नाई ताई, मी शिवतबी नाई. पण पोरगी एवढी दूर देऊन राहिलो. उद्या तिथं तिले कोनी म्हनलं, तुया मायबापाले एक बाटली सांभाळता नाई आली, तर ती कोनाजवळ रडन?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना उपाय लगेच सुचला.

"मॅडम, स्टोअरमध्ये एक इटालियन रेड पडली आहे ना? ती डिकँटरमध्ये ओता, रिकामी बाटली शेजारी ठेवा. कोणाला कळणार?"

"सर, ज्याने बनवली त्याला."

"आणि हे जमलं तर लग्न आपल्या बँक्वेट हॉलमध्ये व्हायचंय, ते लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणूनच खोटं ओतत नाही."

परत येऊन मी नवराबायकोला सरळ सांगितलं: बाटली उभी ठेवते, बसेल तेवढं बसेल, पण पाहुण्यांना खरं सांगावं लागेल. काकू म्हणाल्या, "हालवली मी, त सांगीन बी मीच."

आणि त्यांनी सांगितलं. संध्याकाळी सगळे टेबलावर बसल्यावर त्या उभ्या राहिल्या, हात जोडले आणि द्राक्षासवासकट सगळं सांगून टाकलं. अश्विनीने एकेक वाक्य इटालियनमध्ये केलं. पिएत्रो उंच, राकट हातांचे म्हातारे शेतकरी. त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली. त्यांचा चेहरा पडला, हे मी नाकारत नाही. मात्तेओने बापाच्या दंडावर हात ठेवला. शालिग्रामभाऊ ताटाकडे बघत होते.

मग पिएत्रो हळूहळू काहीतरी बोलले. अश्विनीचे डोळे भरले आणि ती हसायलाही लागली.

"आई, ते म्हणतात, मळ्यावर गिऱ्हाईक आलं की त्याला वरची निवळ वाइन देतात. गिऱ्हाईक गेलं की बाटलीच्या बुडाची गढूळ वाइन घरचे लोक स्वैपाकघरात बसून पितात, पाव बुडवून. म्हणतात, मी इथं गिऱ्हाईक म्हणून नाही आलो. ओता."

मी ओतली. पाव नव्हता, मेन्यू वऱ्हाडी होता. पिएत्रोंनी ज्वारीची भाकरी मोडली, पेल्यात बुडवली, खाल्ली आणि डोळे मिटले.

"आमच्या इथं बी तसंच हाय," काकू म्हणाल्या. "वरचं दही पाहुन्याले, बुडचं ताक आमाले." त्यांनीही भाकरीचा तुकडा बुडवला आणि नवऱ्यापुढे धरला. "घ्या. औषध समजा."

शालिग्रामभाऊंनी चारचौघांकडे पाहिलं आणि तुकडा तोंडात टाकला. "कडू हाय," म्हणाले, आणि दुसरा तुकडा त्यांनी स्वतःच मोडला.

घोटभर मलाही मिळाली. कडवट होती, जिभेवर रवाळ होती. पण त्याखाली वाळलेल्या बोरांचा आणि काताचा एक लांबवर रेंगाळणारा स्वाद होता. निवळ असती तर अप्रतिम लागली असती, हे धंद्याला स्मरून सांगते.

त्याच टेबलावर लग्न पक्कं झालं. तारीख काढली, वऱ्हाडी किती आणि इटालियन किती याचा अंदाजही झाला. निघताना भाऊंनी माझ्या हातावर पेढे ठेवले आणि जरा संकोचून म्हणाले, "ताई, राग नका मानू. लग्न आता घरीच करतो, वलगावले. घरच्या मानसाइले हॉटेलात कायले न्यायचं?"

मालक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आमच्या धंद्यात पाहुण्याला घरच्यासारखं वाटावं असं ट्रेनिंग देतात. ते नेमकं कुठे थांबवायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही.