ओरिजनल पेटीत, झेरॉक्स पिशवीत

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत ठाकरांची बावीस घरांची वाडी आहे. त्यातल्या एकवीस घरांच्या भिंती कुडाच्या. आता कुडाच्या घरात कागद टिकतो होय? वाळवी खाते, उंदीर खातात, ओल खाते, आणि या सगळ्यांच्या तावडीतून वाचलाच तर घरातली पोरं त्याची होडी करून ओढ्यात सोडतात. सिमेंटच्या भिंतींचं घर एकट्या आवडीबाईचं, घरकुल योजनेतलं. म्हणून वाडीतल्या यच्चयावत माणसांचे जन्माचे दाखले, जातीचे दाखले, आधारकार्डं, मतदानाची कार्डं तिच्या पत्र्याच्या पेटीत असायची. पेटीला पितळी कुलूप, आणि किल्ली बाईच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात.

हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, ते आपोआप अंगावर पडलं. लग्न होऊन वाडीत आली तेव्हा सातवी पास झालेली ती एकटीच. आल्या आल्या सासूनं पुढ्यात रेशनकार्ड टाकलं आणि म्हणाली, "बघ गं, यात माजं नाव हाय का नाय." नाव नव्हतं. सासू पंधरा वर्षं त्या कार्डावर धान्य आणत होती आणि कार्डाच्या लेखी ती जन्मलीच नव्हती! ते नाव घालायला आवडीनं कर्जतला किती हेलपाटे घातले ते तिचं तिला ठाऊक. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, हिला आठ लागले. पण नाव आलं. सासूनं ते कार्ड घरोघर नेऊन दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आवडीच्या दारात रांग लागली.

पुढं ती खालच्या गावात अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. अंगणवाडीच्या माधवीबाईंकडून अर्ज कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं, साहेब जेवायला गेला म्हणतात तेव्हा तो नक्की कुठं गेलेला असतो, हे सगळं शिकली. आणि एक नियम मात्र तिचा स्वतःचा होता. तो पडला शेजारच्या चांगोच्या पोरीमुळं.

चांगो म्हणजे वाडीतला सगळ्यात तिरसट माणूस. त्याच्या पोरीला वसतिगृहात घालायचं होतं, तर हा पठ्ठ्या जातीचा ओरिजनल दाखला कुठल्याशा कचेरीत देऊन आला. तिथल्या बाबूनं तो फायलीत लावला आणि फाईलच गहाळ झाली. दुसरा दाखला मिळेस्तोवर तीन वर्षं गेली. पोरीची शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून चांगो सरकारी शिपाई दिसला तरी वाट बदलतो. आणि आवडीबाईनं वाडीला नियम घालून दिला, ओरिजनल पेटीत, झेरॉक्स पिशवीत. काही झालं तरी खरा कागद पेटीबाहेर काढायचा नाही. मागतील त्यांना झेरॉक्स द्यायची, एक नाही, तीन-तीन द्यायच्या. अगदीच कुठं खरा दाखवायची वेळ आली, तर बाई स्वतः घेऊन जायची आणि सूर्य मावळायच्या आत परत आणून पेटीत ठेवायची. या नियमाला सगळ्यात कडक कोण, तर चांगो. पेटीजवळ पोरगं फिरकलं तरी काठी उगारायचा.

तर या आवडीबाईची पोरगी, तेजश्री, जहाजावर लागली. हो, जहाजावर! मुंबईहून गोव्याला माणसं मौजेसाठी जातात ना, त्या मोठ्या जहाजावर जेवणाच्या हॉलात वाढायचं काम. बाप सहदेव पोरगी दहावीत असतानाच गेला होता. आईनं वाडीत कुणाच्याच पोरीसाठी कधी काढला नव्हता तो पासपोर्ट तिच्यासाठी काढला. पोलीस चौकशीला आले तेव्हा वाडीला वाटलं, पोरीनं काहीतरी केलं. चांगो तर काठी घेऊनच उभा राहिला होता.

पोरगी गेली त्याला अकरा महिने झाले. फोनवर दिसायची, पण फोनचं काय, चित्रातल्या भाकरीनं पोट भरतं का? मग एका दुपारी तिचाच फोन आला. "आये, आमच्या घरच्यांसाठी पास मिळतो. दोघींचा काढलाय, तू नि माधवीबाई. येत्या रविवारी जहाज सुटंल. तू ये. त्याच्या पुढं जहाज दुसऱ्या देशाकडं वळणार, मंग वरीसभर भेट नाय. येताना आधार आण, आठवणीनं."

"आणते गं," आवडीबाई म्हणाली, "आधाराचं मला शिकवतीस व्हय?"

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक होता, म्हणून दोघी सकाळच्या एसटीनं कर्जतहून पनवेलला निघाल्या. माधवीबाई नवी कोरी साडी नेसून, आवडीबाई धुतलेलं नऊवारी लुगडं नेसून आणि मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. चौक गाव मागं पडलं तेव्हा माधवीबाईंना सहज आठवण झाली. "आवडे, तुझं आधार वर काढून ठेव गं, तिथं घाई होईल."

आवडीबाईनं पिशवी उघडली. आधाराच्या तीन झेरॉक्स, मतदान कार्डाच्या तीन, रेशनकार्डाच्या तीन, रहिवासी दाखला, घरकुलाचा कागद, सगळ्यावर सही, सगळं दोऱ्यानं बांधलेलं. तयारी बघून कलेक्टरनं उठून खुर्ची दिली असती.

"हे झेरॉक्स झालं. ओरिजनल कुठंय?"

"पेटीत," आवडीबाई म्हणाली. कसं म्हणाली, तर पेटीत नाही तर कुठं असणार, अशा आवाजात.

माधवीबाईंनी कपाळावर हात मारला. मोबाइल काढून पास वाचला. खाली स्पष्ट लिहिलं होतं: सरकारी ओळखपत्र, आधार, मतदान कार्ड, पासपोर्ट किंवा लायसन, मूळ प्रतच पाहिजे, झेरॉक्स चालणार नाही, तीन वाजता गेट बंद. त्यांनी जहाजाच्या कचेरीत फोन लावला. मोबाइलमधला फोटो चालेल का? नाही चालणार. पोरगी तुमच्याकडेच कामाला आहे हो! तरी नाही. फोनवरची मुलगी गोड बोलत होती, पण गोड बोलून नाही म्हटलं तरी ते नाहीच असतं.

"लोधिवली!" कंडक्टर ओरडला आणि दोघी धडपडत उतरल्या. दहा वाजले होते.

परत जाऊन यायचं म्हणजे एसटीची वाट बघा, कर्जत गाठा, तिथून कोंडाणे, मग डोंगर चढा, तेवढंच उलटं या. हिशेब कसाही घातला तरी गेट बंद. चहाच्या टपरीच्या बाकड्यावर आवडीबाई बसली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर दुसऱ्याला सांगितलं, कागद सोबत घे, कागद बघून घे, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा ही गत. पोरगी तिथं जहाजाच्या दारात उभी असेल, बघेल, बघेल, आणि दार लावून घेतील.

"माधवीबाई, तुमी जावा," ती म्हणाली. "तुमचं आधार हाय. पोरीला डोळं भरून बघा न् मला सांगा कशी हाय ती."

"गप बस! मी काय गोवा बघायला निघालेय होय? वाडीत फोन लाव आधी."

वाडीत फोन लागणं म्हणजे नवस पावणं. पण धाऊचा लागला. धाऊ चांगोचा पुतण्या, काकड्या-कारल्यांचा टेंपो चालवतो, तो खाली गावातच होता. आवडीबाईनं त्याला सांगितलं, धावत वर जा, पेटीचं कुलूप तोड, माझं आधार काढ न् लोधिवलीला आणून दे. कुलूप तोड म्हणताना तिचा आवाज अडखळला. वीस वर्षांत त्या पेटीला तिच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

अर्ध्या तासानं धाऊचा फोन आला. "काकी, चांगोकाका कुलूप तोडू देत नाय! म्हणतोय..." आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

आता सांगा, माणसानं करावं काय? माधवीबाईंनी चांगोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! पोरीच्या दाखल्यासाठी तीन वर्षं हिनं चपला झिजवल्या, आणि हा तिच्याच पेटीवर नाग होऊन बसला! आवडीबाईला चांगोचा राग येत नव्हता, हेच विशेष. ज्याचा कागद एकदा गेला, तो कुलुपाला हात कसा लावू देईल? तिनंच तर शिकवलं होतं. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. टपरीवाल्यानं न मागता दुसरा चहा आणून ठेवला. ती हायवेकडं बघत बसली, आणि डोळे नुसते वाहत होते.

बाराला पाच कमी असताना धाऊचा टेंपो हॉर्न वाजवत आला. मागच्या हौद्यात काकड्यांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये चांगो बसला होता. धुळीनं माखलेला, मुंडासं सुटलेलं. आणि त्याच्या दोन्ही हातांच्या मिठीत ती पेटी! अख्खी पेटी, कुलूप जसंच्या तसं.

आवडीबाई उभीच राहिली. "चांगो! आरं, ही कशाला आणली?"

"मंग काय करू?" चांगो खेकसला. "आमाला वाचता येतं का? धाऊला इचारलं तर तो म्हणं बावीस घरांची शंभर कार्डं, फोटोत समदी सारखीच काळी दिसतात. चुकीचं आणलं असतं तर? न् कुलूप का तोडायचं? तुजी पेटी हाय, तू उघड."

"पर समद्यांचे ओरिजनल हायेत रं यात! रस्त्यात टेंपो उलटला असता, पाऊस आला असता, काय झालं असतं तर?"

"घराघरात इचारून आलोय," चांगो म्हणाला. तो तिच्याकडं न बघता हायवेकडं बघत होता. "कोंडाजीला इचारलं, अंबूबाईला इचारलं, तुजं सोडून एकवीसच्या एकवीस. समदी म्हणाली, ने. अंबूबाई म्हणाली, आवडीची पोर वाट बघती, कागदाचं काय घिऊन बसलास. पेटी दोघांनी डोंगरावरनं खांद्यावर उतरवली. मी तिला हातातनं सोडली नाय कुठं. आता उघड लवकर, बोलत काय बसलीस!"

हे कोण म्हणत होतं, तर ज्याच्या घरात एका कागदापायी पोरीची शाळा सुटली, तो चांगो. टपरीच्या बाकड्यावर पेटी ठेवून आवडीबाईनं गळ्यातल्या किल्लीनं कुलूप उघडलं. आत सगळी वाडी रबर लावून, गठ्ठे करून निजलेली. स्वतःचं कार्ड तळाशी होतं, सगळ्यांच्या खाली, कारण ते तिला कधी लागलंच नव्हतं. ते काढलं, पेटी लावली, आणि तिथंच, भर रस्त्यात, ती चांगोच्या पायाशी वाकली.

"ए, ए! काय करतीस गं बये!" चांगो दोन पावलं मागं सरला. "माज्या पाया पडतीस, लोक काय म्हणतील! चल धाऊ, ऊन चढलं. पेटी आंधार पडायच्या आत जागेवर गेली पायजे."

माधवीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सात पिढ्यांचा केलेला उद्धार मनातल्या मनात मागं घेतला. टेंपो वळला. चांगो पुन्हा पेटीला मिठी मारून बसला होता, आणि टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

पनवेल करत मुंबईच्या बंदरावर पोचायला अडीच वाजले. गेटवरच्या माणसानं झेरॉक्सकडं ढुंकूनही पाहिलं नाही. कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "जाओ मौसी." एवढंच. आवडीबाईला उगाचच वाटलं की त्यालाही सांगावं, हे कार्ड कसं आलंय बाबा. पण मागं रांग होती.

जहाज केवढं, त्याचं वर्णन नको. कर्जत स्टेशनासारख्या चार इमारती एकावर एक ठेवा आणि पाण्यात सोडा. दारात पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी ओळीनं उभ्या होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करत होत्या. तिसरी पोरगी तेजश्री. केस घट्ट बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. आईला बघून तिचे जोडलेले हात तसेच राहिले, हलेचनात. ड्युटीवर होती, ओळ सोडता येत नव्हती. आवडीबाईच तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि अकरा महिन्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला.

"वाळलीस गं," ती म्हणाली.

तेजश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसत, रडत तिनं हळूच विचारलं, "आये, किती उशीर! मला वाटलं येतच नाय तू. एकटीच आलीस एवढ्या लांब? माधवीबाई कुठायत?"

"त्या मागं हायेत. आणि एकटी कशाला येईन?" आवडीबाई म्हणाली. "आख्खी वाडी आलीवती लोधिवलीपतूर, मला सोडायला."